मालकांना पाठवा!

आपल्याकडे बायका नवऱ्याचा उल्लेख किती तऱ्हांनी करतात! शहरात ‘हे’ किंवा ‘अहो’, जरा जुन्या वळणाच्या घरात ‘यजमान’, आणि खेड्यापाड्यांत सरळ ‘मालक’. आता गंमत अशी, की गल्ल्यावर बसलेल्या दुकानदारालाही आपण मालकच म्हणतो. त्यामुळे घराच्या डागडुजीचं सामान आणायला एखादी बाई एकटी दुकानात गेली, की तिथला मालक घरच्या मालकांची चौकशी करतो. “मालकाले पाठवा नं बाई, तुमाले ह्यातलं काय समजते?”

साडीच्या दुकानात असं कोणी म्हणत नाही. किराण्याच्या दुकानात तर मुळीच नाही. पण नळ, टाईल्स, प्लायवूड, रंग, कडीकोयंडे अशा दुकानात हे वाक्य हमखास ऐकू येतं. वास्तविक नळ गळायला लागला की त्याखाली बादली कोण ठेवतं? ओटा दोन इंच उंच झाला तर खांदे कोणाचे भरून येतात? मोरीतली फरशी गुळगुळीत लागली तर घसरून पडतं कोण? ज्या वस्तूशी रोज आपला हात लागणार, ती घेताना मत मात्र दुसऱ्याचं, असा हा उलटा व्यवहार आहे. म्हणूनच ‘घरसामानाचं दुकान आणि त्याचा मालक कसा असावा’ हा विषय निघाला, की बायका भरभरून बोलतात.

वाशीम जिल्ह्यातल्या रिसोड तालुक्यातलं रिठद घ्या. १९९८ साली वाशीम वेगळा जिल्हा झाला, तोवर हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. या भागात हातात चार पैसे खेळतात ते दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकलं की, नाहीतर नंतर तूर निघाली की. घराची कामं निघतात तीही त्याच सुमाराला, म्हणजे उन्हाळ्यातल्या लग्नसराईच्या आत सगळं उरकून घ्यायचं. त्यातून जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया तिच्याशी जुळवून घालता आला नाही तर वर भिंतींनाही भेगा पडतात, दारं चौकटीत अडकतात. त्यामुळे डागडुजी ही इथं दर दोन-चार वर्षांची ठरलेली पाहुणी!

खरेदीच्याही पायऱ्या ठरलेल्या आहेत. सिमेंट, पाइप, खिळे जवळपास. रंग आणि नळ रिसोडला. टाईल्स आणि दरवाजे पसंत करायचे तर वाशीम, फारच हौस असली तर अकोला. आता गेल्या काही वर्षांत आणखी एक पायरी वर चढली आहे. घरोघरची मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत. ती मोबाइलवर चित्रं पाठवतात, “आई, असलं कपाट घेऊ का?” म्हणून विचारतात. सून म्हणते, मोठ्या साखळी दुकानातून घेऊ. सासूबाई म्हणतात, ओळखीच्याकडून घेऊ. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग मुंबईच्या बाजूला आमणेपर्यंत पूर्ण झाला आणि वाशीम जिल्ह्यातून मुंबईकडे मोटारीनं जाणं पुष्कळ सोपं झालं, तेव्हापासून तर हा वाद नुसता बोलण्यापुरता राहिलेला नाही.

ओळखीच्या दुकानाची बाजू आधी ऐकू या. या बाजूच्या बायकांचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर, “इथचा दुकानदार कुठी जाईन?” नळ खराब निघाला तर संध्याकाळी त्याच्या घरी जाता येतं. त्याच्या बायकोची भिशीत गाठ पडते. पैसे कमी पडले तर तो तूर निघेपर्यंत थांबतो, आणि ही थांबण्याची सवलत कुठलंही साखळी दुकान देत नाही. मिस्त्री, प्लंबर, सुतार, रंगारी हे सगळे त्याच्या ओळखीचे. शिवाय एक पाव इंचाचा स्क्रू लागला तर तो एकच देतो, पुडकं गळ्यात मारत नाही.

तक्रारींची यादीही तितकीच लांब आहे बरं का! भाव विचारावा लागतो, आणि माणूस पाहून भाव बदलतो अशी शंका मनात राहते. बिल मागितलं की तोंड वाकडं होतं. मिस्त्री ज्या दुकानाचं नाव घेतो त्याच दुकानातून माल घ्यावा लागतो, आणि त्यात मिस्त्रीचं काय असतं हे सगळ्यांना ठाऊक असून कोणी बोलत नाही. आणि शेवटी तेच, “मालकाले पाठवा.”

मोठ्या साखळी दुकानाचं कौतुक बायका करतात ते नेमकं इथं. स्वस्ताई किंवा चकचकाट ही कारणं नंतर येतात. पहिलं कारण, वस्तूवर किंमत लिहिलेली असते. हात लावून पाहता येतं, कपाटाचा खण दहा वेळा उघडून मिटता येतो, खुर्चीवर बसून पाहता येतं, आणि काही न घेता बाहेरही पडता येतं. “तिथं कोनी इचारत नाई, घेतलं त घेतलं, नाई त नाई.” बाईमाणसाला दुकानात मिळणारं हे स्वातंत्र्य लहान नाही. ज्यांना ते जन्मतःच मिळालेलं असतं, त्यांना त्याची किंमत कळायची नाही.

अशा दुकानांतलं जगातलं सर्वांत नावाजलेलं नाव म्हणजे स्वीडनची आयकिया. भारतात तिचं पहिलं दुकान ९ ऑगस्ट २०१८ रोजी हैदराबादला उघडलं आणि डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं, नवी मुंबईत तुर्भे इथे. इथं येण्याआधी कंपनीच्या माणसांनी जवळजवळ हजार भारतीय घरं आतून पाहिली होती. त्यांच्या काय ध्यानात आलं? की आपल्याकडच्या बायका स्वीडनच्या बायकांपेक्षा बुटक्या आहेत, तेव्हा ओटे आणि भिंतीवरची कपाटं खाली घेतली पाहिजेत. मुलांच्या जेवणाच्या संचात सुरी-काटा नको, चमचेच हवेत. मसाल्याचा डबा हवा, तवा हवा, इडलीपात्र हवं. गादीत नारळाचा काथ्या हवा. हे वाचलं तेव्हा मनात आलं, आपल्याकडच्या किती सुतारांनी ओटा किंवा मांडणी करण्याआधी घरच्या बाईला उभं करून माप घेतलं असेल?

या दुकानाचा मालकही मोठा विलक्षण. इंगवार काम्पराड, जन्म १९२६. लहानपणी हा मुलगा स्टॉकहोमहून काड्यापेट्या घाऊक भावात मागवून शेजारीपाजारी सुट्या विकायचा. सतराव्या वर्षी, १९४३ साली, त्यानं स्वतःची पेढी काढली. नावाची पहिली दोन अक्षरं स्वतःच्या नावा-आडनावाची, तिसरं घरच्या शेताचं, चौथं गावाचं. आपल्याकडे दुकानाला कुलदैवताचं नाव देतात, यानं शेताचं दिलं! सुरुवातीचा धंदा टपालानं चालायचा. भाव इतके कमी, की गिऱ्हाइकांनाच शंका यायला लागली, की हा माल निकृष्ट तर नसेल? तेव्हा १९५३ साली त्यानं एल्महुल्ट या लहानशा गावी एक जागा घेऊन सगळं लाकूडसामान मांडून ठेवलं. या, हात लावा, बसून पाहा, मग पैसे द्या. म्हणजे आज आपल्याला ज्या गोष्टीचं अप्रूप वाटतं, तिचा जन्म गिऱ्हाइकांच्या अविश्वासातून झाला आहे. पुढे १९५६ च्या सुमाराला एका कामगारानं टेबल मोटारीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, आणि त्यातून सुटे भाग खोक्यात भरून विकायची पद्धत रुळली. जोडायचं काम गिऱ्हाइकानं करायचं. वाहतुकीचे आणि सुताराचे पैसे वाचतात, म्हणून माल स्वस्त.

काम्पराडच्या काटकसरीच्या कथा जगभर सांगतात. जुनी मोटार, विमानात साधं तिकीट, जुन्या बाजारातले कपडे. अब्जाधीश असून हा माणूस असा राहतो, याचं गिऱ्हाइकांना मोठं कौतुक. मला मात्र या कौतुकाची थोडी गंमत वाटते. आपल्या आया-आज्यांनी जन्मभर याहून जास्त काटकसर केली, त्यांच्यावर कोणी पुस्तक लिहिलं नाही. शिवाय या काटकसरीला दुसरी बाजूही होती. कर भरावा लागू नये म्हणून तो १९७३ साली स्वीडन सोडून गेला, तो २०१४ साली परतला. तरुणपणी तो नाझी विचारांच्या मंडळींत वावरत होता हे १९९४ साली वर्तमानपत्रांनी उघड केलं. तेव्हा त्यानं आपल्या नोकरवर्गाला पत्र लिहून ही आयुष्यातली मोठी चूक होती असं कबूल केलं. जानेवारी २०१८ मध्ये, वयाच्या ९१ व्या वर्षी तो वारला. म्हणजे त्याचं भारतातलं पहिलं दुकान उघडलेलं त्यानं पाहिलंच नाही.

गिऱ्हाइकांचं मत अशा कंपनीला कधी ऐकावं लागलं, त्याचे दोन प्रसंग सांगण्यासारखे आहेत. पहिला २०१२ सालचा. कंपनीचं सूचिपत्र देशोदेशी छापलं जायचं. सौदी अरेबियाच्या आवृत्तीत चित्रांतल्या सगळ्या बायका पुसून टाकल्या होत्या! न्हाणीघर तेच, आरसा तोच, मुलगा तोच, पण त्याच्या शेजारी उभी असलेली आई गायब. स्वीडनमध्येच ओरड झाली आणि कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. घराचं चित्र काढायचं आणि त्यातून घरधनीण पुसायची, हा प्रकार आपल्याला अगदीच परका वाटायला नको.

दुसरा प्रसंग फार दुःखाचा आहे, आणि घरात लहान मूल असेल तर तो नीट वाचावा. खणांचं उभं कपाट, म्हणजे एकावर एक पाच-सहा ड्रॉवर. मूल खेळता खेळता खालचे खण ओढतं, त्यांची पायरी करून वर चढतं, आणि सगळं कपाट पुढे कलंडतं. अमेरिकेत आयकियाच्या अशा कपाटांखाली सापडून काही मुलं दगावली. जून २०१६ मध्ये कंपनीनं तिथली सुमारे २ कोटी ९० लाख कपाटं परत घ्यायचं जाहीर केलं. तीन कुटुंबांना मिळून ५ कोटी डॉलर द्यावे लागले, आणि २०२० साली कॅलिफोर्नियातल्या दोन वर्षांच्या एका मुलाच्या आईबापांना ४ कोटी ६० लाख डॉलर. पण यातली खरी मेख पुढे आहे. कपाटं परत घ्यायच्या या योजनेत चीनला आधी वगळलं होतं. तिथल्या लोकांनी आणि वर्तमानपत्रांनी, “आमची मुलं मुलं नाहीत का?” अशा अर्थाची ओरड केली, तेव्हा जुलैमध्ये तिथलीही १६ लाखांहून अधिक कपाटं परत घ्यायचं कबूल झालं. गिऱ्हाईक गप्प बसलं असतं, तर?

आपल्या घरात आयकियाचं कपाट नसेलही, पण लोखंडी कपाट असतंच. (ते कोणी का बनवलेलं असेना, आपण त्याला ‘गोदरेज’च म्हणतो!) उंच आणि अरुंद असलेली कोणतीही वस्तू, पुस्तकांची मांडणी असो की ड्रॉवरचं कपाट, वरच्या बाजूनं एल आकाराची पट्टी आणि दोन स्क्रूंनी भिंतीला जखडून टाका. गिरमिटवाल्याचं दहा मिनिटांचं काम आहे. जड सामान खालच्या खणात, हलकं वर. आणि मुलाचं खेळणं कपाटावर कधीच ठेवू नये, ते काढायलाच मूल चढतं.

आता कोणी म्हणेल, परदेशी कंपनीचं एवढं पुराण कशाला, आपला देशी मालक सांगा. तर किशोर बियाणींचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. २००१ साली त्यांनी बिग बझार काढलं. आपल्या गिऱ्हाइकाला मोकळं, शांत, चकचकीत दुकान परकं वाटतं, त्याला बाजारातली गर्दी आणि ढीग आवडतात, असं त्यांचं मत. म्हणून दुकानात मुद्दाम दाटी ठेवायची! हा मालक आपल्या गिऱ्हाइकाला चांगला ओळखत होता, यात शंका नाही. घरसामानासाठी त्यांच्याच समूहानं होमटाऊन नावाची दुकानं काढली. पुढे कर्जं वाढली, २०२० च्या टाळेबंदीत धंदा बसला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये बिग बझारची अनेक दुकानं रिलायन्सनं ताब्यात घेतली. काल जिथून सामान घेतलं, तिथे आज दुसराच मालक! तेव्हा ‘एवढं मोठं दुकान, ते काय पळून जातंय?’ असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. पंधरा वर्षांची हमी देणारं दुकान पंधरा वर्षं त्याच पाटीखाली राहील, असं काही लिहून मिळत नाही. हमी शक्यतो दुकानाची नव्हे, तर वस्तू बनवणाऱ्या कारखान्याची घ्यावी, आणि हमीपत्रावर तारीख व शिक्का दुकानातच मारून घ्यावा.

मैत्रिणींनो, माझं स्वतःचं मत विचाराल तर दुकान लहान की मोठं, यापेक्षा तिथे आपण कागद काय घेऊन बाहेर पडतो हे जास्त महत्त्वाचं. ओळखीच्या दुकानात ओळखीवर भिस्त ठेवून आपण बिल घेत नाही. मोठ्या दुकानात बिल मिळतं, पण ते शर्टाच्या खिशात धुतलं जातं. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

ग्राहक संरक्षणाचा पहिला कायदा १९८६ सालचा. त्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकात, बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्या वाटपसंघांत महिन्याचं सामान वाटून घेणाऱ्या हातांत आपल्यासारख्या गृहिणींचेच हात जास्त होते. हल्लीचा कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. त्यातल्या काही गोष्टी आपल्या अगदी उपयोगाच्या आहेत.

बिल न देणं हा या कायद्यानं अनुचित व्यवहार ठरवला आहे. तेव्हा बिल मागताना ओशाळं व्हायचं कारण नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ अशी पाटी लावली म्हणून दुकानदाराची सुटका होत नाही. माल सदोष निघाला तर बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घेण्याचं नाकारता येत नाही. (रंग आवडला नाही, हा दोष नव्हे बरं!) तक्रार करायची मुदत दोन वर्षं. आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे, वस्तू कुठेही घेतलेली असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुलानं तुर्भ्याला घेऊन रिठदला पाठवलेलं कपाट सदोष निघालं, तर मुंबईच्या खेपा घालायच्या नाहीत, वाशीमच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी लागत नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी १९१५ या क्रमांकावर फोन करून पाहावा, मराठीत बोलता येतं. पुष्कळ तंटे तिथेच मिटतात.

एवढ्याशा रकमेसाठी कोण भांडत बसणार, असं वाटतं ना? बंगळूरच्या एका बाईंनी २० रुपयांसाठी भांडण केलं. आयकियाच्याच दुकानात सामान घेतल्यावर कंपनीचं नाव छापलेल्या कागदी पिशवीचे २० रुपये लावले होते. स्वतःची जाहिरात आणि पैसे माझे, हे कसं? बाई ग्राहक आयोगात गेल्या, आणि २०२३ साली आयोगानं पिशवीचे पैसे परत द्यायला लावून नुकसानभरपाई आणि खर्च मिळून सुमारे ३००० रुपये द्यायला लावले.

आता दुकानात जाण्याआधीच्या थोड्या गोष्टी. ओट्याचं माप स्वतः घ्या. सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. त्यातून चार-पाच इंच वजा केले की आपल्या ओट्याची उंची निघाली. पाच फुटी बाईला ती साधारण ३२-३३ इंच येते. शेगडी ठेवायची जागा याहून किंचित खाली असली तर मोठ्या पातेल्यात ढवळताना खांदा उचलावा लागत नाही. टाईल्स घेताना प्रत्येक खोक्यावरचा बॅच आणि शेडचा क्रमांक जुळवून पाहा, आणि दहा टक्के जास्त घ्या. दोन वर्षांनी एक टाईल फुटली तर तीच छटा पुन्हा मिळत नाही. रंग मशीनवर मिसळून घेतला असेल, तर डब्यावरच्या चिठ्ठीतला क्रमांक घरच्या डायरीत उतरवून ठेवा. भुसा दाबून केलेल्या फळ्यांचं फर्निचर दिसायला देखणं आणि खिशाला परवडणारं असतं, पण पाणी हा त्याचा वैरी. आपण फरशी पाणी ओतून धुतो. असं कपाट जमिनीवर थेट टेकू देऊ नये, खाली प्लॅस्टिकचे पाय लावून घ्यावेत आणि स्वयंपाकघरातल्या सिंकखाली ते बसवूच नये.

राहता राहिले घरचे मालक. बिल बहुधा त्यांच्या नावावर असतं, तेव्हा तक्रार त्यांनीच करायला हवी, असा आपला समज असतो. कायदा तसं म्हणत नाही. ज्यानं पैसे दिले तो जसा ग्राहक, तशीच त्याच्या संमतीनं ती वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहक. नळ ह्यांनी आणला, पण वापरतो आपण, तर तक्रार आपल्या नावानं, आपल्या सहीनं करता येते. तक्रारीच्या कागदावर समोरच्या पक्षाचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो. दुकानाच्या पाटीवर काही का असेना, ते नाव छापील बिलावर, जीएसटी क्रमांकाच्या आसपास सापडतं.